जेट्टीवरच्या फळ्यावर आजचा वारा लिहा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई
यांस,



मे महिन्याच्या सुट्टीत मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोरचा सिंधुदुर्ग किल्ला इतका जवळ दिसतो की मधले पाणी पाणी वाटतच नाही. अशा ठिकाणी रांगेतली मंडळी तिकिटाचा दर विचारतात, परतीची होडी किती वाजता ते विचारतात, लहान मुलाचे तिकीट लागेल का ते विचारतात. वारा किती आहे, हे कोणी विचारत नाही. विचारणार तरी कोणाला? प्रस्तुत लेखकाने कोकणकिनाऱ्यावर आणि धरणांच्या काठी ज्या जेट्ट्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींवर दरपत्रक होते, लाइफ जॅकेटची सूचना होती, होडीवर प्रवाशांची कमाल संख्या रंगवलेली होती. आजच्या वाऱ्याचा आकडा एकाही फळ्यावर नव्हता.

हे पत्र त्या एका आकड्यासाठी आहे.

प्रवासी होड्यांना राज्यात वर्षाची एक हद्द आखून दिलेली आहे. मेच्या अखेरच्या आठवड्यात प्रवासी वाहतूक आणि जलक्रीडा थांबतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. यांत्रिक मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. हा नियम शहाणपणाचा आहे आणि तो जुनाही आहे. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, जवळ आली की होड्या वर ओढायच्या, ही रीत कोळी आणि गाबित मंडळी पिढ्यान् पिढ्या पाळत आली. सरकारने तिला तारीख दिली. मात्र तारखेबरोबर एक समजूतही पसरली, की तारखेच्या अलीकडचे सगळे दिवस चांगले. हंगाम चालू आहे म्हणजे होडी सुटायला हरकत नाही, असे पर्यटक मानतो, होडीवाला मानतो आणि कधी कधी तिकीट फाडणाराही मानतो.

दुर्घटनांच्या तारखा मात्र वेगळेच सांगतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन जण दगावले. हंगाम संपायला एखाद-दोन दिवसच उरले होते. त्याआधीच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळाने मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडवला. त्यावर २६१ माणसे होती आणि साठहून अधिक परत आली नाहीत. ते पर्यटक नव्हते, कामगार होते, आणि वादळाचे इशारे कित्येक दिवस आधीपासून सुटत होते. फयान चक्रीवादळ तर ११ नोव्हेंबर २००९ ला आले. पाऊस संपून, दर्या उघडून दोन-तीन महिने झालेले, मासेमारी ऐन भरात, आणि रत्नागिरीच्या कितीतरी घरांतली माणसे समुद्रात होती. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच महाराष्ट्रात दाखल झाला. गेल्या ३५ वर्षांत तो इतक्या लवकर आला नव्हता. त्या वर्षी कॅलेंडरवर विसंबून मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याची कोकणसहल ठरवलेल्यांनी हंगामातच पावसाळा पाहिला.

आणि २१ मे २०२४ ची संध्याकाळ. उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला. बाकीचे सहा बुडाले, त्यांत दोन अगदी लहान मुले होती. ही सहलीची होडी नव्हती; रस्त्याने पडणारा मोठा वळसा वाचवणारी, रोजच्या जाण्यायेण्यातली होती. पण त्याच जलाशयाच्या काठाला, भिगवण आणि कुंभारगावला, हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला राज्यभरातून माणसे येतात आणि तशाच होड्यांतून पाण्यावर जातात. पाणी तेच, होडीची बांधणीही साधारण तीच.

उजनीवर त्या संध्याकाळी जे झाले ते नीट समजून घ्यायला हवे, कारण धरणांवरच्या जवळपास प्रत्येक उन्हाळी अपघाताची शक्यता त्याच रीतीने तयार होते. दिवसभर जमीन तापते. दुपारनंतर वळवाचा ढग उंच चढतो. त्यातून पाऊस पडू लागला की खालच्या कोरड्या हवेत काही थेंब वाटेतच विरतात. त्यांची वाफ होताना भोवतालची हवा गार आणि जड होते आणि ती गार हवा वेगाने खाली येते. जमिनीवर आदळली की ती चहूकडे पसरते. म्हणून ढग अजून चार-पाच कोसांवर असताना, डोक्यावर ऊन असताना, पावसाचा एकही थेंब पडलेला नसताना वारा होडीपर्यंत पोहोचलेला असतो. हवामान खाते ज्याला ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाचे सोसाट्याचे वारे म्हणते, ते हेच. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा ४० झाला, तर होडीवरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ६० झाला तर नऊपट.

जलाशयात या वाऱ्याला अडवायला ना झाड, ना टेकडी. उथळ भागात लाटा आखूड आणि उभ्या उठतात. समुद्रावरच्या लांब लाटेवर होडी चढते आणि उतरते, इथे मात्र एक लाट सावरण्याआधी दुसरी येऊन धडकते. पाणी आत उडाले की माणसे घाबरून एका बाजूला सरकतात. होडी बहुधा तिथेच उलटते. अंगाला एकदम गारवा लागणे, ओल्या मातीचा वास, पलीकडच्या काठावर धुळीची भिंत, ही लक्षणे जाणत्याला ओळखता येतात. पण ती दिसली तेव्हा हातात काही मिनिटेच उरलेली असतात. पाण्याच्या मध्यावर असलेल्या होडीला ती पुरत नाहीत. निर्णय काठावरच व्हायला हवा होता.

काठावर निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती आज या देशात आहे, आणि ती फुकट आहे. १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्ता उद्ध्वस्त केले, त्यानंतरच्या दशकात, १८७५ मध्ये, भारतीय हवामान खाते उभे राहिले. बंदरांवर बावटे चढवून वादळाची खबर द्यायची पद्धत तेव्हापासून मुरलेली आहे. कोकणात 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हटले की आजही घरातली म्हातारी माणसे दाराशी येऊन समुद्राकडे बघतात. बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे, असा त्याचा अर्थ. आता त्या बावट्याच्या जोडीला बरेच काही आहे. हवामान खाते प्रत्येक जिल्ह्यासाठी पुढच्या काही दिवसांचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा देते. रडार आणि उपग्रहांच्या आधारे पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज देते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपास वीज पडत असेल तर फोनवर सांगते. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था लाटांची उंची, दूरवरून येणाऱ्या फुगाऱ्याच्या लाटा आणि प्रवाह यांचे अंदाज रोज प्रसिद्ध करते. लहान होड्यांसाठी तिने एक सुरक्षा निर्देशांकही बांधला आहे. त्यात नुसती लाटेची उंची नसून लाट किती उभी आहे आणि समुद्रावर वारा किती झपाट्याने वाढतो आहे, याचाही हिशेब धरलेला असतो.

मग अडते कुठे? अडते ते शेवटच्या शंभर पावलांत. समुद्राचा इशारा वाचून पाहावा. त्यात लिहिलेले असते: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. हे वाक्य मच्छीमार सोसायटीपर्यंत पोहोचते, बंदरावरच्या फळ्यावर चढते, भोंग्यावरून गावभर ऐकू जाते. डॉल्फिन दाखवायला नेणारी होडी, पॅरासेलिंगची स्पीडबोट, खाडीतली हाउसबोट यांना ते वाक्य आपल्यासाठी वाटत नाही. धरणांवर तर त्याहून अवघड. गडगडाटी वादळाच्या इशाऱ्यात पाण्यात असाल तर लगेच बाहेर या, असा सल्ला असतो. पण तो जिल्ह्याच्या नावाने येतो, जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसिलीत जातो, आणि कोयनेच्या काठावरच्या तापोळ्यात किंवा बामणोलीत होडीचे इंजिन सुरू करणाऱ्या माणसाच्या कानावर तो त्याच तासात पडेल, अशी कोणतीही ठरलेली वाट प्रस्तुत लेखकाला आढळली नाही.

आकडा पोहोचला तरी तो वाचायला शिकवावा लागेल. 'लाटा दीड मीटर' हे शब्द घ्या. सामान्य माणसाला वाटते, सर्वांत मोठी लाट दीड मीटरची असेल. अंदाजातला आकडा तसा नसतो. एकूण लाटांपैकी सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते, आणि त्याच समुद्रात एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पट उठू शकते. म्हणजे दीड मीटरच्या दिवशी तीन मीटरच्या लाटेची तयारी ठेवायची. ज्या होडीचा काठ पाण्यापासून हातभर वर आहे, तिच्यासाठी हा फरक जगण्यामरणाचा आहे.

शिवाय एकच वारा सगळ्या पाण्याला सारखा नसतो. तारकर्लीच्या पुढे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या मुखाशीच वाळूचा तो पट्टा आहे, ज्याला पर्यटक त्सुनामी आयलंड म्हणतात आणि जिथे जलक्रीडांची गर्दी असते. भरती असताना पाणी आत येते, वाराही समुद्राकडून आत येतो, दोघांची दिशा एक असते आणि लाटा सौम्य राहतात. ओहोटी लागली की नदीचे पाणी जोराने बाहेर निघते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याला भिडते. मग त्याच वाऱ्यात, त्याच जागी, लाटा आखूड होऊन उभ्या राहतात. सकाळी नऊला जिथून लेकरांना घेऊन होडी हसतखेळत गेली, तिथे दुपारी तीनला अनुभवी माणूसही दोनदा विचार करतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक खाडीच्या तोंडाशी हे घडते.

हे सगळे होडी चालवणाऱ्या तांडेलांना माहीत आहे, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण त्यांच्या ज्ञानाचा उल्लेख सरकारी कागदांत फारसा सापडत नाही. भरतीची वेळ काढायला कोकणातल्या माणसाला कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. गावोगाव त्यात थोडा फरक पडतो, तोही त्यांना ठाऊक असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. उधाणात पाणी जास्त चढते, जास्त उतरते, म्हणून खाडीच्या तोंडाशी ओढही जास्त. उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो, दुपारकडे समुद्रावरून खारा वारा उठतो आणि दोन ते पाचच्या दरम्यान तो सर्वांत जोरात असतो. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या सकाळी लवकर का सुटतात, याचे एक कारण हेही आहे. ज्याला एवढे कळते, त्याला आज निघू नये हेही कळते.

तरीही होडी सुटते, कारण निघायचे की नाही हे ठरवणारा आणि न निघाल्याचा तोटा सोसणारा माणूस एकच आहे. हंगाम जेमतेम नऊ महिन्यांचा. त्यातही खरी कमाई दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची. होडीचे कर्ज, इंजिनाची दुरुस्ती, दोन खलाशांची रोजी, पावसाळ्यातल्या बंद महिन्यांचा घरखर्च, हे सगळे त्या थोड्या आठवड्यांवर. समोर पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आलेले कुटुंब उभे. त्यांची उद्या परतायची घाई. शेजारची होडी निघाली की याला थांबणे आणखी कठीण. अशा वेळी 'आज नको' म्हणणारा तांडेल स्वतःच्या ताटातला घास काढून ठेवतो. राज्याने हा निर्णय एकट्या त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. होडी उलटते तेव्हा तांडेलही त्याच पाण्यात असतो.

म्हणून या पत्राची मागणी अशी. होडीची तपासणी करून प्रमाणपत्र देताना मंडळ जशी प्रवाशांची संख्या ठरवते, तशी तिची वाऱ्याची आणि लाटेची मर्यादाही ठरवावी, आणि ती होडीच्या कडेला त्याच रंगात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावी. सपाट तळाच्या, उघड्या, दहा-बारा माणसांच्या होडीची मर्यादा वेगळी असेल आणि मोठ्या लाँचची वेगळी. ती किती असावी हे जहाजबांधणीचे जाणकार आणि त्या त्या बंदरातले जुने तांडेल यांनी एकत्र बसून ठरवावे.

प्रत्येक जेट्टीवर तिकीट खिडकीच्या शेजारी एक फळा असावा. सकाळी पहिली होडी सुटण्यापूर्वी आणि पुन्हा दुपारी बाराला त्यावर पाच गोष्टी लिहाव्यात: वाऱ्याचा अंदाज, लाटेची उंची, भरती-ओहोटीच्या वेळा, विजांचा इशारा आहे की नाही, आणि आज होड्या चालू की बंद. खाली वेळ आणि लिहिणाऱ्याचे नाव. किनाऱ्यावर हे काम बंदर निरीक्षकाच्या कचेरीने करावे. धरणांवर जलसंपदा विभागाशी बोलून माणूस नेमावा. हातात धरायचे वारामापक यंत्र काही हजार रुपयांत मिळते. प्रत्येक जेट्टीला एक द्यावे, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष वारा यांचा मेळ दिवसातून चार वेळा घालता येईल. होड्या बंद असल्याचा लाल बावटा चढला की तिकीट विक्री त्याच क्षणी थांबावी आणि विकलेल्या तिकिटाचे पैसे तिथेच, पूर्ण, कुरकुर न करता परत मिळावेत.

आणि बंद दिवसाची रोजी. तिकिटामागे एक-दोन रुपये बाजूला काढून प्रत्येक बंदरावर निधी उभा राहिला, तर वाऱ्यामुळे थांबलेल्या होड्यांना त्यातून काहीतरी देता येईल. रक्कम मोठी नसली तरी चालेल. थांबणाऱ्याला शिक्षा होणार नाही, एवढे त्यातून साधले पाहिजे. या पत्रातली ही मागणी कोणाला किरकोळ वाटेल. लेखकाच्या मते सगळ्यांत जास्त जीव तीच वाचवील.

यंत्र बिघडेल, नेटवर्क जाईल. अशा वेळेसाठी ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ मध्ये आखलेली वाऱ्याची मोजपट्टी अजून उपयोगी आहे. तिला उपकरण लागत नाही, डोळे लागतात. पाण्यावर इथे-तिथे पांढरा फेस दिसू लागला तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर. फेस जागोजाग, काठावर धूळ आणि कागद उडत आहेत, तर २० ते २८. पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागली तर २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलतात, तारांतून शीळ येते, छत्री आवरत नाही, म्हणजे ४० च्या आसपास किंवा वर, आणि तेव्हा कोणतीही लहान होडी पाण्यात नसावी. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदही मोजून होत नसतील, तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. मोकळ्या पाण्यावर होडीतला माणूस हाच सर्वांत उंच बिंदू असतो. एवढा मजकूर चित्रांसह प्रत्येक जेट्टीवर रंगवला, तर रांगेत ताटकळणारी मुलेच आईबापांना तो वाचून दाखवतील.

पर्यटकांवरही जबाबदारी आहे, आणि ती या पत्रातून वगळायची नाही. 'एवढ्या लांबून आलोय, घेऊन चला की' हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक होडीवाल्याने ऐकलेले आहे. जो तांडेल नाही म्हणतो त्याच्याशी हुज्जत घालून दुसरी होडी शोधणारे पर्यटक आपल्या मुलांना कमी जाणत्या हातांत देत असतात. मात्र फळ्यावर आकडा आणि लाल बावटा दिसला की ही हुज्जत तांडेलाशी उरणार नाही, हाही त्या फळ्याचा एक फायदा आहे.

१ सप्टेंबरला नवा हंगाम उघडेल. होड्यांना रंग लागेल, इंजिने तपासली जातील, प्रमाणपत्रांच्या तारखा पाहिल्या जातील. त्याआधी मंडळाने निदान मालवण, देवबाग, मुरूड, मांडवा, गेटवे, भिगवण आणि तापोळा एवढ्या ठिकाणी हे फळे लावावेत, आणि पहिल्या दिवशी पहिल्या होडीच्या आधी त्यांवर त्या दिवसाचा वारा लिहिलेला असावा, ही कळकळीची विनंती.

कळावे.

आपला नम्र,
होडीने प्रवास करणारा एक नागरिक